दोनदा येणारा तास

ज्या माणसाबरोबर मी कित्येक वर्षं रोज काम केलं, त्याची उंची मला माहीत नाही. तो चालतो कसा, जेवताना बोलतो की गप्प बसतो, यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही की तो आधी एक लांब श्वास घेतो, मग घसा खाकरतो आणि मग 'बघू या' म्हणतो, हे मला झोपेतही ओळखता येईल. अमेरिकेत, ओहायोत, त्याच्या घरामागून मालगाडी जाते. ती जात असताना तो बोलायचा थांबतो, आणि गाडी लांबलचक असली तर आम्ही सगळेच थांबतो. क्राकोवच्या आमच्या सहकारिणीच्या खिडकीखालून ट्राम जाते, तिची घंटा ऐकू येते. माझ्याकडून त्यांना ऐकू जातो तो पाऊस. आमच्या पडवीवर पत्रा आहे. जुलैत मी म्यूट काढला की ओहायोत आणि क्राकोवमध्ये चिपळूणचा पाऊस पडायला लागतो.

घरून काम म्हणजे काय ते साऱ्या जगाला २०२० मध्ये कळलं. त्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागायच्या थोडं आधी मी हिंजवडीतलं ऑफिस सोडून सासरी, चिपळूणला आले आणि इथलीच झाले. पण दूर बसून काम करणं आम्हा ऑफशोअरवाल्यांना, परदेशाचं काम इथून करणाऱ्यांना, नवं नव्हतं. पुण्यात काचेच्या इमारतीत बसायचे तेव्हाही माझी निम्मी टीम पडद्यातच होती. फरक इतकाच झाला, की आता ओहायोतला माणूसही त्याच्या ऑफिसात नव्हता. सगळेच आपापल्या घरात. पहिल्यांदाच आम्ही सारखे दूर झालो.

आमची रोजची छोटी बैठक, स्टँडअप, ओहायोच्या सकाळी साडेनऊला. म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आमचे संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ. सात म्हणजे दिवेलागण. सासूबाई देवापाशी दिवा लावतात, मुलगी शुभंकरोती म्हणते, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं ते सांगत असते. सुरुवातीला सासूबाईंना ते खटकायचं. तिन्हीसांजेला घरातली बाई दार लावून बसते, हे त्यांच्या घडणीतच नव्हतं. मग हळूहळू त्या आवाज ओळखायला लागल्या. आता कॉल लवकर संपला तर विचारतात, "काय गं, आज तुझी पोलंडची बाई आली नव्हती का?" क्राकोवच्या सहकारिणीला मूल झालं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. ते पाठवायचे कसे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

या सगळ्या जुळवाजुळवीत आपल्या घड्याळाचा तो जादा अर्धा तास असतो. जगातल्या बहुतेक देशांची घड्याळं ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर आहेत. आपण साडेपाच तास पुढे. मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त सगळ्या देशासाठी धरलं, म्हणून. चिपळूण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या पुढेच. १ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने ती मनापासून घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, एकोणचाळीस मिनिटं मागची, आणि शहरातली अनेक घड्याळं पन्नासच्या दशकापर्यंत तीच दाखवत राहिली. गिरणगावातून तेव्हा सभा झाल्या, विरोध झाला. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. घड्याळ पुढे ढकललं की पहाटे काळोखात उठायचं कोणी, हा प्रश्न त्यांनी विचारला. आमच्या धंद्यात तो रोज असतो, फार कमी वेळा विचारला जातो.

सगळ्यांना सोयीची वेळ नावाची गोष्ट पृथ्वी गोल असल्यामुळे नसतेच. कोणाची तरी संध्याकाळ जाते. आणि ती बहुतेक वेळा आमचीच जाते, कारण पैसा त्या बाजूने येतो. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाहीये. हिशेब आहे, तो मांडलेला बरा. माझ्या पगाराने सासऱ्यांच्या दुकानाचं कर्ज फिटलं. त्याच पगारात ओहायोतला माणूस मिळत नाही, म्हणून मी आहे. ऑफशोअर या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी हा एकच आकडा आहे, आणि माझा ओहायोतला सहकारी आणि मी, दोघंही तो पहिल्या दिवसापासून जाणून होतो.

या धंद्याची एक गोष्ट मला फार आवडते. नरेंद्र पटणी आणि पूनम पटणी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंब्रिजला राहत होते. अमेरिकेतलं काम भारतात पाठवून करून घेता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. तेव्हा त्यांनी राहत्या घरातच प्रयोग केला असं सांगतात: एक खोली अमेरिका, दुसरी भारत. या खोलीतून त्या खोलीत बोलायचं नाही; जे सांगायचं ते सगळं कागदावर लिहून. पुढे त्यांचं काम पुण्यात सुरू झालं. पुढची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. पटणींकडून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ साली पुण्यातच इन्फोसिस काढली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली आणि तिने उपग्रहाचा दुवा आणला. टेपा आणि माणसं विमानाने पाठवायची गरज हळूहळू कमी होत गेली. पण मला त्या नवराबायकोचं ते घर दिसत राहतं. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे आपलंच माणूस, आणि नियम असा की हाक मारायची नाही. नीट लिहायचं. इतकं नीट, की पलीकडच्याला उठून विचारायला यावं लागू नये.

दूरच्या कामाचं सगळं मर्म मला तिथे सापडतं. समुद्राखालची तार तर मुंबईला १८७० पासून आहे. त्या वर्षी समुद्राखालून एडनमार्गे लंडनपर्यंत तार जोडली गेली. आज काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. माझा शब्द ओहायोला पोचायला डोळा मिटायचाही अवकाश लागत नाही. पण तो पोचतो तेव्हा पलीकडे रात्र असते. माणूस झोपलेला असतो. तो उठेल तेव्हा माझा दिवस मावळत आलेला असेल. म्हणून जे काही आहे ते त्या लिहिण्यात असलं पाहिजे: काय बिघडलं, कुठे पाहिलं, काय करून पाहिलं, काय केलं तर आणखी बिघडेल, आणि मी कुठे थांबले. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की माणसांचा आपापसातला संवाद जसा असतो, तसाच त्यांनी बांधलेल्या यंत्रणेचा आकार होतो. ते अक्षरशः खरं आहे. आमच्या प्रणालीत जिथे जिथे सांधा निखळला, तिथे तिथे शोधत गेलं की दोन माणसं सापडतात, ज्यांनी एकमेकांना पुरेसं लिहिलं नव्हतं.

ओहायोतला माझा सहकारी पुरेसं लिहायचा. त्याच्याइतकं निगुतीने लिहिणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

आमचं काम विम्याच्या दाव्यांचं. गाडी ठोकली, गारपिटीने छप्पर फुटलं, तळघरात पाणी शिरलं, की माणूस दावा करतो. तो दावा ज्या यंत्रणेतून जातो ती आम्ही सांभाळतो. रात्री त्यांच्याकडे सगळे हिशेब एकगठ्ठा चालतात. त्यांच्या पहाटे एकपासून पाचपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या सकाळी साडेदहापासून दुपारी अडीचपर्यंत. ते राखणं माझ्याकडे. ऑफशोअरचा हा एवढा भाग मला खरोखर शहाणपणाचा वाटतो: तुमची रात्र आमच्याकडे दिवस असते, तर ती आम्ही पाहू.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. शिरलं हा शब्द फार सौम्य झाला. रात्रभर कोसळणारा पाऊस, त्यात भरती. सकाळी उजाडलं तेव्हा दुकानांच्या पाट्या तेवढ्या पाण्यावर होत्या. आमचं घर चढावर आहे म्हणून वाचलं. सासऱ्यांचं दुकान गेलं. वह्या, पुस्तकं, शाळांच्या ऑर्डरी, नुकताच भरलेला माल. वीज गेली, मग फोनची रेंज गेली. मी कोणालाही काहीही कळवू शकले नाही. त्या दिवशी साडेदहा वाजता ओहायोतले हिशेब सुरू झाले असतील, हे दुसऱ्या दिवशी दुकानातला चिखल उपसताना माझ्या लक्षात आलं, आणि मी ते मनातून काढून टाकलं.

कितीतरी दिवसांनी डोंगरावर एका ठिकाणी रेंज मिळाली तेव्हा निरोपांचा ढीग पडला होता. क्राकोवच्या सहकारिणीने बातम्यांमध्ये चिपळूणचं नाव वाचलं होतं. ती मूळची व्रोत्सवाफची. १९९७ च्या जुलैत ओडर नदीने ते शहर बुडवलं, तेव्हा ती लहान होती. तिने सांत्वनाचं एकच वाक्य लिहिलं होतं आणि पुढे सगळं कामाचं: चिखल ओला असतानाच काढा, वाळला की निघत नाही. भिंती लगेच रंगवू नका. काहीही फेकायच्या आधी त्याचे फोटो काढा, विम्याला लागतील. हातमोजे घाला. आजोबांना एकट्याने दुकानात जाऊ देऊ नका. तो निरोप मी मराठीत करून आमच्या आळीत वाचून दाखवला. पंचनाम्यासाठी तलाठी आले तेव्हा बऱ्याच जणांकडे फोटो होते.

आणि ओहायोतल्या सहकाऱ्याने माझं नाव राखणीच्या यादीतून काढून स्वतःचं घातलं होतं. मी परत कामावर येईपर्यंतच्या सगळ्या रात्री तो जागला. हे त्याने मला कधीच सांगितलं नाही. मला ते गिटमध्ये दिसलं. गिट म्हणजे ज्यात आम्ही केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते ती व्यवस्था. लिनक्सवर काम करणारी जगभर विखुरलेली माणसं एकत्र बांधण्यासाठी लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ती लिहिली. तिच्यात प्रत्येक नोंदीवर बदल करणाऱ्याचं नाव असतं, वेळ असते आणि त्या वेळेपुढे त्याच्या घड्याळाचं ग्रिनिचपासूनचं अंतर असतं. माझ्या नोंदींपुढे +०५३०. त्याच्या नोंदींपुढे उन्हाळ्यात -०४००. त्या आठवड्यातल्या त्याच्या नोंदी पहाटे दोनच्या, तीनच्या, एक सव्वाचारची आहे.

पुढे काही काळाने वरून निर्णय आला की यंत्रणेतला त्याचा भाग पूर्णपणे भारतातल्या टीमकडे द्यायचा. त्याला सांगण्यात आलं, केटी दे. म्हणजे तुला जे जे येतं ते सगळं यांना शिकव, आणि शिकवून झालं की तुझं काम संपलं. ज्या टेबलावर हे ठरलं तिथे तोही नव्हता आणि मीही नव्हते. पण केटी घ्यायला समोर मीच बसले होते.

तो हातचं राखू शकला असता. आमच्याकडेही असं राखणारे असतात आणि मला ते कळू शकतं. माणूस आपल्या भाकरीवर हात ठेवणारच. त्याने राखलं नाही. पहिल्या सत्रात त्याने श्वास घेतला, घसा खाकरला आणि म्हणाला, मी तुला आधी तो तास दाखवतो जो दोनदा येतो.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. मार्चच्या त्या पहाटे दोन वाजत नाहीत. एकला एकोणसाठ मिनिटं झाली की थेट तीन. नोव्हेंबरमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे वाचून माहीत असतं, पण अंगात नसतं. कित्येक वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या तशा एका रात्री एका म्हाताऱ्या बाईंचा अपघात झाला. पोलिसांच्या कागदावर अपघाताची वेळ एक पन्नास. रुग्णवाहिकेच्या कागदावर पोचल्याची वेळ एक दहा. दोन्ही खऱ्या, मधे घड्याळ मागे गेलं होतं. यंत्रणेला दिसलं ते असं की रुग्णवाहिका अपघाताच्या आधी पोचली, आणि यंत्रणेने दावा संशयास्पद ठरवून बाजूला टाकला. त्या बाई महिनोन्महिने फोन करत राहिल्या. अखेर एक फोन त्याच्यापर्यंत आला. त्याने तो दोष शोधला, दुरुस्त केला आणि दुरुस्तीच्या वर एक लांब टीप लिहून ठेवली: हा भाग अनावश्यक वाटेल, काढू नका, का ते सांगतो. मग ती सगळी हकिकत. मग इंडियाना. ओहायोला लागून असलेल्या त्या राज्यात २००६ पर्यंत बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवतच नसत. तेव्हा तिथले जुने दावे वाचताना वेगळा नियम. कुठे कुठला नियम, तेही जिल्हावार.

ती टीप त्याने माझी ओळख व्हायच्या खूप आधी लिहिली होती. कोणासाठी? कोणीतरी पुढे येईल आणि त्याला हे कळलं पाहिजे, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते कोणीतरी चिपळूणात सासऱ्यांच्या घरी राहणारी एक बाई असेल, याची कल्पनाही त्याला शक्य नव्हती. मला वाटतं, न पाहिलेल्या माणसाबद्दल इतकी काळजी ज्याच्या लिहिण्यात असते, त्याच्याशी आपलं नातं भेटीवर अवलंबून राहत नाही. त्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं फार बोललो नाही. संध्याकाळी त्याचं खातं बंद झालं, नावापुढचा फोटो गेला. आता तो एका सार्वजनिक ग्रंथालयाची संगणकव्यवस्था पाहतो आणि अधूनमधून पत्र लिहितो.

त्याच्या नोंदी मात्र आहेत. जुनी मोडी पत्रं मी पुण्यात पाहिली होती. मजकूर संपला की खाली मोर्तबाचा शिक्का असायचा, म्हणजे त्याखाली कोणी मागाहून एक ओळही घुसडू नये. गिटची नोंदही तशीच आहे. प्रत्येकीला चाळीस अक्षर-अंकांची खूण, आणि आतला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती खूण पार बदलते, तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींच्या खुणाही बदलतात. त्याचं नाव तिथून पुसायचं तर सगळा पुढचा इतिहास मोडावा लागेल. कोणी तो मोडत नाही. कंपनीने त्याला यादीतून काढलं, पण ज्या पायावर आम्ही रोज उभे असतो त्याच्या ओळी त्याच्याच नावावर आहेत.

यंदा आमच्याकडचा काही भाग मेक्सिकोत ग्वादलाहाराच्या टीमकडे जातोय. तिथली आणि ओहायोची दुपार बहुतांश सारखी पडते, कॉल सोपे जातात, असं कारण आहे. केटी मी द्यायची आहे. माझ्या टीममधल्या एका तरुण मुलाने मला हळूच विचारलं, "ताई, सगळंच सांगणार का?" त्याच्या घरचे हप्ते मला माहीत आहेत, त्यामुळे त्याला मी रागावले नाही. म्हटलं, सगळं सांगणार, आणि तूही माझ्याबरोबर बस.

आमचे संध्याकाळचे साडेसात, त्यांचे सकाळचे आठ. पहिल्या सत्रात मी तो दोनदा येणारा तास काढला. पलीकडे तिघं होती. एकाने विचारलं, सगळ्या वेळा ग्रिनिचच्याच हिशेबाने साठवल्या तर ही कटकटच उरणार नाही. बरोबर आहे, मी म्हटलं, साठवताना तसंच करतो. पण रस्त्यावर उभा असलेला पोलीस ग्रिनिचची वेळ लिहीत नाही. तो मनगटावर पाहतो आणि लिहितो. कागद आपल्याकडे येतो तो त्याच्या मनगटावरचा. मग मी त्यांना त्या बाईंची हकिकत सांगितली, आणि टीप कोणी लिहिली तेही, त्याच्या पूर्ण नावानिशी.

त्यांच्यातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी तिने विचारलं, या टीपेखाली एक ओळ वाढवली तर चालेल का? मेक्सिकोत बहुतेक ठिकाणी २०२२ पासून घड्याळ हलवणं बंद झालंय, पण सरहद्दीला लागून असलेल्या गावांमध्ये ते अजून हलतं, कारण त्या लोकांची नोकरी, शाळा, बाजार पलीकडे अमेरिकेत असतो. तिथून येणाऱ्या एखाद्या गाडीचा अपघात झाला तर कागदावर कुठली वेळ असेल, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

हे मला माहीत नव्हतं, टीप लिहिणाऱ्यालाही नसावं. मी म्हटलं, वाढव, आणि गावांची यादीही जोड.